जपानला निघायचंय आणि दिवस टायफूनचे. जाऊ की पुढे ढकलू?

सातवी गल्ली, राजारामपुरी

नमस्कार मंडळी. इथं पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबेल.

गणपती विसर्जन झालं की आम्ही जपानला निघणार आहोत. मी, मिस्टर, सासूबाई आणि दोन मुलं. मोठी अकरा वर्षांची, धाकटा सहाचा. मुंबईहून सिंगापूरमार्गे ओसाका, तिथून क्योटो, मग शिंकानसेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं टोकियो आणि नारिता विमानतळावरून परत. पितृपंधरवड्यातली तिकिटं परवडली म्हणून हे दिवस घेतले. घट बसायच्या आत घरी पोचायचं, एवढी एकच अट सासूबाईंनी घातलीय. घरात परंपरेनं घट बसतो आणि तो त्यांच्याच हातचा असतो.

परवा बातम्यांत जपानमधल्या वादळाची जुनी दृश्यं दाखवली. छत्र्या उलट्या झालेल्या, स्टेशनबाहेर माणसं जमिनीवर बसलेली. ते बघून मामंजींनी धोशा लावलाय की तिकिटं रद्द करा. ते स्वतः येत नाहीयेत, गुडघ्यांमुळं. पण त्यांचं म्हणणं मला सहज बाजूला सारता येत नाही. आमचं आधीचं घर शाहूपुरीत कुंभार गल्लीत. २०१९ ला कोल्हापुरात पंचगंगेचं पाणी वाढायला लागलं तेव्हा मामंजी सारखे सांगत होते की निघूया. आजूबाजूचे म्हणत होते, २००५ ला एवढ्या पायरीपर्यंतच आलं होतं, त्याच्यावर येत नाही. शेवटी सासूबाईंना आणि कडेवरच्या पोराला बोटीतून काढावं लागलं. त्या बोटीतलं भय सासूबाईंच्या मनातून अजून गेलेलं नाही. त्यांना परक्या देशात पुन्हा तशा प्रसंगात नेतोय का, हा विचार मला रात्री झोपू देत नाही.

दुसरीकडं, मोठीनं दोन वर्षं पैसे साठवून जपानी अक्षरांची पुस्तकं घेतलीत. मिस्टरांना रजा याच वेळी मिळाली, पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही.

ज्यांनी हे अनुभवलंय त्यांनीच सांगा. गाड्या बंद झाल्या तर नेमकं काय करायचं? पैशाचं काय होतं? म्हातारं माणूस आणि लहान मूल घेऊन हॉटेलात अडकलं तर खाण्यापिण्याचं कसं? "काही होत नाही हो, जा बिनधास्त" असं कृपा करून कुणी लिहू नका.

---

कळंबा तलाव

ताई, माझं मत पुढे ढकला. आम्ही एप्रिलमध्ये गेलो होतो. गर्दी भरपूर, हॉटेलं महाग, पण आभाळाकडं बघत बसावं लागलं नाही. सप्टेंबर हा तिकडं टायफूनचा ऐन महिना. विमानाची तारीख बदलायचे पैसे भरा, पण मनाला घोर नको.

---

बंधाऱ्यावरचा

ताई, तिकिटं रद्द करू नका. का ते सविस्तर सांगतो, कारण तुम्ही शेवटी जे लिहिलंय ते मला फार पटलं.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षं पंचगंगेची पातळी वाचण्यात गेली. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी मी, सौ., मुलगा, सून आणि नात असे जपानमध्ये होतो आणि शानशान नावाच्या टायफूननं आम्हाला ओसाकात गाठलं. तुमची घटस्थापना तशी आमच्यामागं गणेश चतुर्थी होती, सात सप्टेंबरची.

आधी आकडे सांगतो म्हणजे भीतीला माप मिळेल. पॅसिफिकच्या त्या भागात वर्षाला सरासरी पंचवीसेक टायफून तयार होतात. त्यातले बाराएक जपानच्या आसपास येतात आणि जमिनीवर धडकतात ते तीनच्या घरात. ऑगस्ट-सप्टेंबरात जोर जास्त. ऑक्टोबरमध्ये येतच नाहीत असं मात्र नाही. २०१९ चं हागिबिस १२ ऑक्टोबरला आलं आणि टोकियोचा सगळा परिसर त्या दिवशी बंद होता. रग्बी विश्वचषकाचे सामनेसुद्धा रद्द झाले. तेव्हा तुमच्या दिवसांत वादळ येण्याची शक्यता आहे, पण ते तुमच्याच शहरावर, तुमच्याच दिवशी येईल ही शक्यता त्याहून बरीच कमी.

आता आमच्याबाबतीत काय झालं ते. शानशान आधी ओसाका-नागोयाच्या बाजूला येणार असं दिसत होतं. मग प्रत्येक बुलेटिनला त्याची वाट पश्चिमेकडं सरकत गेली आणि वेगही मंदावला, इतका की माणूस सायकलवरून त्याच्या बरोबरीनं जाईल. शेवटी २९ ऑगस्टला ते पार दक्षिणेला क्युशू बेटावर, कागोशिमात जमिनीवर आलं. ओसाकापासून शेकडो किलोमीटर लांब. मुलगा म्हणाला, सुटलो. मी म्हटलं, थांब. गगनबावडा आणि राधानगरीत पाऊस कोसळत असताना कोल्हापुरात ऊन पडलेलं असतं आणि तरी राजाराम बंधाऱ्यावर पाणी फुटाफुटानं चढतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तिथंही तेच झालं. वादळाचं केंद्र क्युशूवर आणि त्यानं ओढून आणलेली समुद्राची वाफ कोसळत होती शिझुओकाकडं, म्हणजे बरोबर ओसाका-टोकियोच्या मधल्या पट्ट्यात. मिशिमा ते नागोया शिंकानसेन बंद, तीही तासा-दोन तासांसाठी नव्हे.

म्हणून पहिली गोष्ट, नकाशा वाचायला शिका. जपानी हवामान खात्याच्या नकाशावर पुढच्या दिवसांसाठी पांढरी तुटक वर्तुळं असतात. पुढची वर्तुळं मोठी होत जातात तसं लोकांना वाटतं, वादळ वाढणार. तसं नाही. त्या वेळी वादळाचं केंद्र त्या वर्तुळात असण्याची शक्यता सत्तर टक्के, एवढाच त्याचा अर्थ. वर्तुळ मोठं म्हणजे अंदाजाची खात्री कमी. वादळाचा खरा पसारा लाल आणि पिवळ्या वर्तुळांत दिसतो: लाल म्हणजे सेकंदाला पंचवीस मीटर किंवा जास्त वारा, ताशी नव्वद किलोमीटरच्या वर, पिवळं म्हणजे पंधरा मीटरच्या वर. आणि पावसाचा नकाशा वेगळा असतो, तो वेगळाच बघायचा. सुनेच्या फोनवर मी रोज सकाळ-संध्याकाळ हे दोन्ही बघत होतो.

दुसरी गोष्ट, आणि माझं मुख्य सांगणं हेच. आपल्याकडं राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका. मधले चार फूट कशासाठी ठेवलेत? हलायला. जे ३९ ला हलतात त्यांचं सामान, जनावरं, म्हातारी माणसं सगळं नीट निघतं. जे ४३ ची वाट बघतात त्यांना बोट लागते. तुमचे मामंजी २०१९ ला हेच सांगत होते. जपानमध्ये हा मधला वेळ तुम्हाला बहुतेक वेळा मिळतो, कारण तिथं वादळासाठी गाड्या सहसा अचानक बंद करत नाहीत. वादळ यायच्या आधी, बहुतेक वेळा आदल्या दिवशीच, उद्या अमुक मार्ग अमुक वाजल्यापासून बंद असं जाहीर करतात. इंग्रजीतही येतं. ती घोषणा म्हणजे तुमचे ३९ फूट.

आमच्या घोषणेच्या संध्याकाळी आम्ही तीन कामं केली. सौ. आणि नात खोलीत असतानाच मी खाली जाऊन त्याच हॉटेलात मुक्काम वाढवून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच काउंटरपुढं दारापर्यंत रांग होती आणि खोल्या शिल्लक नव्हत्या. मुलानं टोकियोच्या हॉटेलला फोन करून कळवलं. पहिल्या रात्रीचे पैसे त्यांनी सोडले, पण प्रत्येक हॉटेल सोडेलच असं धरू नका. आणि सुनेनं टोकियोला जायची दुसरी वाट शोधली.

ही दुसरी वाट लिहून ठेवा. मार्च २०२४ पासून होकुरिकू शिंकानसेन त्सुरुगापर्यंत आलीय. ओसाका किंवा क्योटोहून थंडरबर्ड नावाची गाडी पकडायची, ओसाकाहून सुमारे दीड तासात त्सुरुगा. तिथं गाडी बदलून कानाझावा, तोयामा, नागानो करत थेट टोकियो, साधारण सव्वातीन-साडेतीन तास. नेहमीच्या मार्गावरची नोझोमी शिंकानसेन अडीच तासांत नेते, त्यामानानं लांबचा वळसा, पण हा मार्ग जपानच्या दुसऱ्या समुद्राच्या बाजूनं जातो, त्यामुळं दक्षिणेकडचा पाऊस त्याला पुष्कळदा लागत नाही. अर्थात हे आम्हालाच सुचलं असं नाही. त्सुरुगाला गर्दी म्हणजे आपल्याकडं जोतिबाच्या यात्रेला असते तेवढी, फक्त ढकलाढकल नाही. या शिंकानसेनच्या कागायाकी नावाच्या गाड्या पूर्ण आरक्षित असतात, हाकुताका नावाच्या गाड्यांना बिनआरक्षित डबे असतात. आम्हाला चार जागा मिळाल्या. मुलगा आणि मी आलटून पालटून उभे. बिवा सरोवर डाव्या-उजव्या कुठल्या खिडकीतून दिसतंय यावर नातीचं लक्ष, माझं लक्ष झाडांच्या शेंड्यांकडं. सरोवराच्या काठचा तो कोसेई मार्ग वाऱ्यानं बंद पडण्याबद्दल प्रसिद्ध आहे. त्या दिवशी चालू राहिला.

नागानो आलं तेव्हा मी मुलाला उठवून बाहेर बघायला सांगितलं. २०१९ च्या हागिबिसमध्ये चिकुमा नदीचा बांध फुटला आणि तिथल्या यार्डात उभ्या असलेल्या शिंकानसेनच्या दहा गाड्या, एकशेवीस डबे, पाण्यात गेले. सगळे मोडीत काढावे लागले. त्या देशाला सगळं जमतं असं समजून कुणी जाऊ नये. नदी तिथंही नदीच असते.

टोकियोला रात्री उशिरा पोचलो. विमान उशिरा सुटलं, पण सुटलं. बाप्पा आणायला मी घरी होतो.

अडकलेल्या दिवसाबद्दलही सांगतो, कारण तुम्ही मुलांचं विचारलंय. ओसाकात वारा फार नव्हता, पाऊस मात्र सरीवर सरी. तेन्जिनबाशीसुजी नावाची बाजारपेठ आहे, डोक्यावर छप्पर असलेली, दोन किलोमीटर सहाशे मीटर लांब. आपल्या महाद्वार रोडवर कुणी छप्पर घालून ती पार रंकाळ्याच्या पुढं नेली तर किती लांब होईल बघा. त्या पेठेच्या उत्तर टोकाला, सहाव्या चोमेच्या (म्हणजे पेठेच्या सहाव्या भागाच्या) मेट्रो स्टेशनच्या वरच, ओसाकाच्या जुन्या घरांचं संग्रहालय आहे. नवव्या मजल्यावर एदो काळातली, म्हणजे दीड-दोनशे वर्षांपूर्वीची आख्खी गल्ली खऱ्या मापात उभी केलीय. दुकानं, विहीर, मागची चाळ. गल्लीत प्रकाश बदलून सकाळची संध्याकाळ होते, मेघगर्जना ऐकू येते. बाहेर खरा पाऊस आणि आत खोट्या ढगांचा गडगडाट. नात तिथून हलायलाच तयार नव्हती. मंगळवारी बंद असतं. आणि जायच्या आधी चालू आहे का ते बघा. वादळ जवळ असेल तर संग्रहालयं, मोठी दुकानं, मत्स्यालय सगळं लवकर बंद होतं.

सौ.चा श्रावण चालू होता. दुकानात भाताचे तिकोनी गोळे मिळतात, त्यातला आंबट उमेबोशी (खारवलेलं फळ) घातलेला किंवा नुसता मिठाचा तिनं खाल्ला. बाकी घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी, दशम्या, मेतकूट आणि भडंग. हॉटेलच्या खोलीत पाणी तापवायची किटली बहुधा असते. वादळाच्या आदल्या संध्याकाळी दुकानांतले पाव आणि भाताचे गोळे संपतात, तेव्हा दुपारीच घेऊन ठेवा.

---

नागोयाकर इचलकरंजीचा

काकांनी सगळं नीट सांगितलंय. मी इथं गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे, त्या शानशानच्या आठवड्यात आमची कामगार मंडळीही घरीच होती. थोडी भर घालतो.

ओसाका-टोकियो मार्ग पावसाला एवढा हळवा का, हे बऱ्याच जणांना कळत नाही. तोकाइदो शिंकानसेन ही सगळ्यात जुनी, १ ऑक्टोबर १९६४ ला सुरू झालेली. नंतरचे मार्ग बरेचसे पुलांवरून आणि बोगद्यांतून नेलेत, हा मात्र कितीतरी ठिकाणी मातीच्या भरावावर आहे. भरावात पाणी मुरलं की घसरण्याचा धोका, म्हणून पाऊस ठरलेल्या मापापलीकडं गेला की गाडी थांबते. वारा नसला तरी थांबते. खिडकीतून बघून "एवढा तर पाऊस नाही" असं म्हणून स्टेशनवर जाऊ नका. पाऊस मोजला जातो तो मार्गावर, तुमच्या हॉटेलपाशी नाही.

पैशाचं: गाडी रद्द झाली तर रेल्वेच्या खिडकीवर किंवा रेल्वेकडून घेतलेल्या तिकिटाचे पूर्ण पैसे परत, दंड नाही. गाडी दोन तास किंवा जास्त उशिरा पोचली तर भाड्यातला जलद गाडीचा जादा आकार परत मिळतो. रद्द गाडीच्या परताव्याला वर्षभराची मुदत असते, तेव्हा त्याच दिवशी म्हाताऱ्या माणसाला घेऊन रांगेत उभं राहायचं कारण नाही, फक्त तिकीट जपून ठेवा. दुसऱ्या कुठल्या ॲपवरून घेतलं असेल तर त्यांचे नियम वेगळे. आणि रेल्वे पास काढला असेल तर बंद पडलेल्या दिवसांची भरपाई मिळत नाही. सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ ला पन्नास हजार येन झाला, तुमच्या मार्गाला तो परवडतो का याचा हिशेब नीट करा. माझ्या मते सुटी तिकिटं घ्या; वाट बदलायला मोकळे राहता.

विमानतळांचं जास्त गंभीर आहे. तुम्ही उतरणार ते कानसाई विमानतळ समुद्रात भराव टाकून केलेलं बेट आहे. ४ सप्टेंबर २०१८ ला जेबी टायफूनमध्ये धावपट्टी पाण्याखाली गेली, आणि नांगर घसरून वाहत आलेलं एक टँकर जहाज जमिनीशी जोडणाऱ्या एकुलत्या पुलावर आदळलं. हजारो लोक रात्रभर बेटावर अडकले. पुढच्या वर्षी ९ सप्टेंबरला फाक्साई आलं तेव्हा नारितावर तेरा हजारांहून जास्त माणसं रात्रभर जमिनीवर होती, कारण विमानं उतरत राहिली आणि शहराकडं जायला गाड्या नव्हत्या. तुम्ही टीव्हीवर पाहिलेली चित्रं अशाच एखाद्या रात्रीची असणार. वादळाच्या दिवशी विमानतळावर जाऊन थांबू नका. विमान कंपनीनं उड्डाण हलवलं असेल तर ते शहरातल्या हॉटेलात बसून कळतं. परतीच्या आदल्या रात्री मात्र नारिताच्या जवळ मुक्काम करा, म्हणजे सकाळच्या गाडीवर अवलंबून राहायला नको.

आजींसाठी एक महत्त्वाचं. इथं सावधगिरीचे पाच स्तर आहेत. चौथ्या स्तराला धोक्याच्या भागातल्या सगळ्यांनी हलायचं असतं, पण तिसरा स्तर वृद्धांसाठी आणि ज्यांना हलायला वेळ लागतो त्यांच्यासाठी आहे. लहान मूल बरोबर म्हणजे तुमच्या घरासाठी तिसराच तुमचा स्तर धरा. पाचवा जाहीर होतो तेव्हा उशीर झालेला असतो. पर्यटन खात्याचं सेफ्टी टिप्स नावाचं ॲप फोनमध्ये घाला, इंग्रजीत इशारे येतात. शहरातल्या पक्क्या हॉटेलात वरच्या मजल्यावर असाल तर बहुतेक वेळा तिथंच थांबणं उत्तम. जमिनीखालच्या बाजारपेठांत मात्र जोराच्या पावसात जाऊ नका. उमेदा, नांबा भागात त्या मैलभर पसरल्यात आणि पाणी आधी खालीच जातं. काकांनी सांगितलेली पेठ रस्त्यावरची आहे, ती ठीक.

---

उत्तरेश्वर पेठ

विम्याचं काम करतो म्हणून तेवढंच लिहितो. प्रवास विमा आजच काढा. वादळाची बातमी आल्यावर काढलेल्या पॉलिसीत बहुतेक कंपन्या त्या वादळाचा दावा मान्य करत नाहीत. पॉलिसीत उड्डाणाला उशीर, उड्डाण रद्द आणि प्रवास लांबणं या तीन गोष्टी आहेत का, आणि किती तासांनंतर पैसे मिळतात हे वाचून घ्या. प्रत्येकाचे तास वेगळे. सासूबाईंचं वय आणि आधीचे आजार खरे लिहा. तिकडं असताना विमान कंपनीकडून उशिराचा किंवा रद्द झाल्याचा लेखी दाखला मागा, हॉटेलच्या आणि जेवणाच्या पावत्या ठेवा. दाखल्याशिवाय आलेले दावे परत जातात आणि मग लोक आमच्यावर चिडतात.

---

सातवी गल्ली, राजारामपुरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवण झाल्यावर बंधाऱ्यावरच्या काकांचं उत्तर मी मामंजींना मोठ्यानं वाचून दाखवलं. ३९ आणि ४३ च्या ठिकाणी त्यांनी मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. नंतर म्हणाले, हा माणूस खात्यातला आहे, हा सांगतो तसं करा. तेव्हा आम्ही जातोय.

आराखडा थोडा बदलला. टोकियोतला शेवटचा दिवस मोकळा ठेवलाय, त्यात कुठलंही तिकीट काढलेलं नाही. परतीची तारीख घटस्थापनेच्या आणखी अलीकडं घेतली. शेवटची रात्र नारिताजवळ. कळंबा तलाव, तुमचंही म्हणणं पटत होतं, पण एप्रिलला मिस्टरांना सुट्टी नाही.

दोनच शंका. तिकडं बॅगा एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात कुरिअरनं पाठवता येतात असं ऐकलंय, सासूबाईंना ओझं नको म्हणून तसं करावं का? आणि त्यांच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या, मुक्काम लांबला तर?

आणि काका, टोकियोत तुम्हाला आवडेल असं, म्हणजे पाण्याशी संबंधित, मुलांना दाखवण्यासारखं काही आहे का? मोठी विचारतेय.

---

बंधाऱ्यावरचा

तुमच्या मामंजींना माझा नमस्कार सांगा. २०१९ च्या त्या दिवसांत आम्ही पूरनियंत्रण कक्षात रात्रंदिवस होतो. वेळेवर निघा म्हणून घरात सांगणारं एक माणूस असलं की केवढं काम हलकं होतं ते मला माहीत आहे.

बॅगांची सोय उत्तम आहे, हॉटेलच्या काउंटरवरच देता येतात आणि साधारण दुसऱ्या दिवशी पोचतात. पण वादळात रस्ते बंद झाले की त्याही अडकतात. तेव्हा बुलेटिनमध्ये वादळ दिसत असेल तर पाठवू नका, आणि एरवीही दोन दिवसांचे कपडे, मुलांचं खाणं आणि सगळी औषधं हातातल्या पिशवीत ठेवा.

डॉक्टरांनी दिलेली औषधं महिनाभराच्या वापराएवढी वेगळी परवानगी न काढता नेता येतात, तेव्हा मोजून न नेता त्या मर्यादेत जास्तीच न्या. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, गोळ्या मूळ पाकिटात. सर्दी-खोकल्याची औषधं मात्र इथून नेताना विचारून न्या; स्यूडोएफेड्रिन आणि कोडीन असलेल्या औषधांवर तिकडं कडक बंधनं आहेत आणि आपल्याकडच्या साध्या गोळ्यांत ती असू शकतात. आणखी एक, उतरल्यावर पासपोर्टवर मुक्कामाची मुदत लावतात. ती परतीच्या तारखेच्या पुढं किती दिवस आहे ते तिथंच बघून घ्या, म्हणजे मुक्काम वाढला तरी काळजी नाही.

मोठीच्या प्रश्नानं मला फार आनंद झाला. टोकियोच्या उत्तरेला सायतामा प्रांतात कासुकाबे गाव आहे. तिथं जमिनीखाली पन्नास मीटर खोल, सहा किलोमीटर तीनशे मीटर लांबीचा बोगदा खणलाय. लहान नद्यांना पूर आला की त्यांचं पाणी पाच प्रचंड विहिरींतून या बोगद्यात उतरतं, शेवटी एका टाकीत येतं आणि पंपांनी एदो नदीत सोडलं जातं. ती टाकी बघण्यासारखी आहे: अठरा मीटर उंचीचे एकोणसाठ खांब, एकेक पाचशे टनांचा. पंप पूर्ण चालले तर सेकंदाला दोनशे घनमीटर पाणी बाहेर टाकतात. २००६ ला सगळं काम पूर्ण झालं. सखल भाग, नद्या उथळ, पाणी निघता निघत नाही, ही त्या खोऱ्याची अडचण ऐकली की मला आपला शिरोळ तालुका दिसतो. आपल्याकडं हाच उपाय लागू होईल असं म्हणत नाही, आपल्या पाण्याचं प्रमाण कितीतरी वेगळं आहे. पण पुराच्या पाण्याला कुठंतरी जागा करून द्यावी लागते, हे तिथं उभं राहिल्यावर लहान मुलालाही कळतं.

आमचं ते बघायचं राहिलं. आगाऊ नोंदणी करून मार्गदर्शकाबरोबर आत नेतात, शंभराहून जास्त पायऱ्या उतराव्या लागतात, तेव्हा सासूबाईंना वर थांबावं लागेल. लहान मुलांसाठी काय अट आहे ते नोंदणी करताना वाचा. पाऊस मोठा झाला तर भेटी रद्द होतात, कारण तेव्हा टाकीत पाणी घेतात. तुम्ही मोकळा ठेवलेला दिवस त्याच्यासाठी वापरता येईल. मोठीला सांगा, खांब मोजायचे आणि आल्यावर इथं लिहायचं.